एका वेळी एकच पोतं

ऑक्टोबरात शाळेत तांदूळ आला. सहा पोती, पन्नास-पन्नास किलोची, तागाची. टेम्पोवाल्याला पुढच्या चार शाळा करायच्या होत्या. त्यानं पोती व्हरांड्यात टाकली, कागदावर सही घेतली आणि धूळ उडवत निघून गेला. आभाळ खाली आलेलं. परतीच्या पावसाचा नेम नाही, आणि रिसोड तालुक्यात तर तो सोयाबीन काढणीला आल्याचं पाहूनच येतो असा सगळ्यांचा पक्का समज आहे. हेडमास्तर मीटिंगला गेलेले. खिचडी शिजवणाऱ्या मावशींचे गुडघे कामातून गेलेले. राहिली ती एकटी, चौथीची वर्गशिक्षिका, वय पंचेचाळीसच्या पुढे.

उचलणं शक्यच नव्हतं. तिनं पदर खोचला, पोत्याला पाठ लावून खाली बसली, दोन्ही पाय खांबाला टेकवले आणि रेटलं. पोतं हातभर सरकलं. आणि वास आला.

नव्या तागाचा वास ज्याला ठाऊक आहे त्याला तो सांगावा लागत नाही. ताग मऊ पडावा म्हणून गिरणीत त्याला तेल लावतात. त्यामुळे पोत्याला थोडा रॉकेलसारखा, थोडा ओल्या दोरखंडासारखा दर्प असतो, आणि त्याच्या खाली धान्याच्या कोंड्याचा गोडसर थर. आता खत, बियाणं, सोयाबीन सगळं प्लॅस्टिकच्या पोत्यांत आलं, त्यांना वासच नाही. सरकारी तांदूळ मात्र अजून तागात येतो. ती तशीच बसून राहिली, पाठ पोत्याला, पाय खांबाला.

"मॅडम," दारातून एक पोरगा म्हणाला, "हा तं तुमचा खोकेवाला गेम झाला!"

वर्ग हसला. तीही हसली. पण पोरानं नेमकं बोट ठेवलं होतं, हे त्याला कळायचं कारण नव्हतं.

तिच्या मोबाइलमध्ये एकच गेम आहे. एक ठेंगणा माणूस, चार-सहा पेट्या, तितकेच ठिपके आणि वेड्यावाकड्या भिंती. माणसानं पेट्या ढकलत ढकलत ठिपक्यांवर न्यायच्या. पेटी ढकलता येते, ओढता येत नाही. एका वेळी एकच ढकलता येते. पुढे दुसरी आडवी आली की दोन्ही जागच्या जागी. पेटी कोपऱ्यात गेली की गेली. भिंतीला लागली तर भिंतीभिंतीनंच सरकणार, परत मोकळ्यावर येणार नाही. चार पेट्या चौकोनात चिकटल्या की त्या आता इमारतीचा भाग झाल्या असं समजायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं.

हे सगळं दोन तासांच्या मधल्या पाच मिनिटांत बसतं. कुकरच्या तिसऱ्या शिट्टीच्या आत बसतं. मालेगाव-मेहकर रस्त्यावर केनवडला उभं राहून एसटीची वाट पाहताना तर दोन-दोन लेव्हल होतात, कारण एसटीची वाट हा प्रकार लेव्हलीपेक्षा लांब असतो. तिला सगळ्यात आवडतं ते हे की या खेळात घड्याळ नाही. मध्येच कोणी हाक मारली तर मोबाइल पालथा ठेवून उठायचं. तासाभरानं पाहावं तर माणूस तिथंच उभा, पेट्या तिथंच. बाकीचे गेम बोलावतात, रुसतात, 'तुमची आठवण येते' म्हणून रात्री अकराला मेसेज पाठवतात. हा पाठवत नाही. जाहिराती तेवढ्या पाठवतो, म्हणून ती खेळताना मोबाइल विमानवाल्या मोडवर टाकते. विमानात ती आजवर बसलेली नाही, पण तो मोड दिवसातून चार वेळा वापरते.

एक बाण आहे कोपऱ्यात, मागे जायचा. चुकलेली चाल परत घेता येते. तिनं तो बाण कधी दाबला नाही. यात अभिमान वगैरे काही नाही. तिच्या वडलांना तो बाण नव्हता, एवढंच.

वडील गोदामात होते. तालुक्यातल्या एका सोसायटीचं गोदाम, पत्र्याचं छप्पर, लोखंडी सरकतं दार. रोज केनवडहून सायकलनं जात. हुद्दा काय होता ते तिला शाळेच्या फॉर्मवर लिहिताना दर वेळी अडायचं. कोणी चौकीदार म्हणे, कोणी गोदामपाल, पगारपत्रकावर तिसरंच काही. काम एकच: आलेलं मोजून घ्यायचं, गेलेलं मोजून द्यायचं, आणि मधल्या काळात ते तितकंच राहील याची काळजी करायची.

१९९३ ची गोष्ट असावी. तेव्हा रिसोड ज्यात येतं तो वाशीम जिल्हा नव्हता; तो १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा निघाला. शाळेला सुट्टी होती म्हणून ती वडलांबरोबर गेली होती, सायकलच्या दांडीवर बसून. आत ज्वारीच्या पोत्यांची थप्पी, तेव्हाची क्विंटलची पोती. दुपारी पाऊस आला आणि मागच्या कोपऱ्यात पत्रा गळायला लागला. हमाल त्या दिवशी नव्हते. वडलांनी सदरा काढून खिळ्याला अडकवला आणि एकट्यानं थप्पी उतरवायला सुरुवात केली. वरची पोती खाली लोळवली, खालची पाठीनं रेटली, पाय भिंतीला लावून. ती वजनकाट्याच्या लोखंडी पाटावर बसून बघत होती. तासाभरानं, किंवा दोन तासांनी, तिच्या लक्षात आलं की वडील दिसत नाहीत. चहूबाजूंनी पोती, आणि मधे कुठेतरी ते. हलवता हलवता त्यांनी स्वतःलाच आत घेतलं होतं.

मग पोत्यांवरून एक हात वर आला.

"पाणी दे व पोरी."

तिनं तांब्या दिला. हात खाली गेला. तांब्या परत आला नाही, आणि बराच वेळ आतून आवाजही आला नाही.

इथं ही आठवण दर वेळी थांबते. पोती छातीपर्यंतच होती. चढून बाहेर येणं त्यांना अवघड नव्हतं. ते आले नाहीत. पत्र्यावर पाऊस, काट्याचा गार पाट, खिळ्यावरचा सदरा, आणि आत एक माणूस गप्प. गेल्या तीस-बत्तीस वर्षांत तिनं ही आठवण इतक्यांदा उघडली आहे की पोत्यांचा आकडा आता भरवशाचा नाही. कधी वीस असतात, कधी चाळीस. हात मात्र तोच, मनगटावर काळा दोरा.

या खेळाचं नाव सोकोबान. जपानी शब्द आहे. अर्थ वखारीचा राखणदार. हिरोयुकी इमाबायाशी या माणसानं तो १९८१ मध्ये रचला आणि त्यांच्या थिंकिंग रॅबिट या कंपनीनं डिसेंबर १९८२ मध्ये बाजारात आणला. कंपनी ताकाराझुका गावची. हे गाव जपानात कशासाठी प्रसिद्ध, तर १९१४ पासून चालत आलेल्या नाटकमंडळीसाठी, जिच्यात सगळ्या भूमिका बायकाच करतात, मिशावाल्या नायकाचीसुद्धा. आपल्याकडे त्याच काळात बालगंधर्वांच्या शालूच्या निऱ्यांवरून बायका निऱ्या घालायला शिकत होत्या. याचा पेट्यांशी काही संबंध नाही. पण खेळातला तो ठेंगणा माणूस बाई असू शकतो, हे ताकाराझुकाचं वाचल्यावर तिच्या पहिल्यांदा डोक्यात आलं. त्याला मिशी नाही. पदरही नाही. तेव्हापासून ती त्याला 'ती' म्हणते.

मूळ खेळाच्या पहिल्याच लेव्हलीत सहा पेट्या आहेत आणि त्या जागेवर पोचवायला कमीत कमी ९७ वेळा ढकलावं लागतं. पहिलीच्या मुलाला पहिल्याच दिवशी पंधराचा पाढा विचारावा तसा प्रकार. जपान्यांनी प्रस्तावना वगैरे ठेवली नाही.

वखार हा शब्द चौथीच्या मुलांना नवा नाही. चौथीत शिवछत्रपतींचा इतिहास असतो, त्यात इंग्रजांची राजापूरची वखार येते. दर वर्षी तो शब्द फळ्यावर लिहिला की वर्गातला एकतरी पोरगा हात वर करतो: "मॅडम, आमच्या घरी हाय वखर." त्याचं चुकत नाही. काना काढला की इंग्रज जातात आणि बैल येतात. वखर म्हणजे पेरणीआधी ढेकळं फोडून जमीन सपाट करणारं लांब पात्याचं औजार. वऱ्हाडात ते न पाहिलेलं पोर अजून तरी सापडायचं आहे, जरी ते आता पुष्कळ घरी भिंतीला टेकून गंजत असलं तरी.

वखर ओढतात. तिफण ओढतात. डवरा ओढतात, बंडी ओढतात. शेतातलं प्रत्येक काम ओढण्याचं आहे: पुढे बैल, मागे माणूस, मधे जे काही असेल ते. बैल गेले, ट्रॅक्टर आला, तोही पुढेच लागतो. नांगर त्याच्या मागेच. ढकलणं शेतात येतं ते फक्त बंडी चिखलात रुतली की. म्हणजे काहीतरी बिघडलं की.

तिला वाटतं, मराठी भाषा हे सगळं बघून बसली आहे. ओढण्याला तिनं चांगले अर्थ दिले. माहेरची ओढ, मातीची ओढ. माणूस आपल्याकडे ओढला जातो. पाऊससुद्धा लांबला की ओढ देतो, जणू दोरी त्याच्या हातात आहे. आणि ढकलण्याला काय दिलं? पुढे ढकललेली तारीख. ढकलून दिलेला दिवस. एकमेकांवर ढकललेलं काम. लोटणे, रेटणे, सारणे, हुसकणे, सगळ्यांच्या कपाळी थोडी शिवीच. दिवस लोटले म्हणताना तर कोणी लोटले तेही सांगत नाहीत.

आणि ढकलपास.

हा शब्द तिच्यासमोर उच्चारू नये. एकदा शाळेत तपासणीला कोणी आले होते. मुलांना तीन अंकी हातच्याची वजाबाकी दिली, चार जणांना जमली नाही. साहेब हसून म्हणाले, "सगळी ढकलपास मंडळी दिसते." मुलं हसली, कारण साहेब हसले. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आठवीपर्यंत कोणाला मागे ठेवायचं नाही असं त्यात होतं. २०१९ च्या दुरुस्तीनं पाचवीला आणि आठवीला ती सूट राज्यांच्या मर्जीवर सोडली. कायद्याबद्दल तिची मतं मिसळीची आहेत. काही पोरं खरंच वाचता न येता सातवीत पोचतात, ते तिनं पाहिलं आहे, आणि त्याची लाज तिलाही आहे. पण ढकलपास म्हणणाऱ्यानं एकदा एक पोर ढकलून पाहावं. ऊसतोडीला आईबापाबरोबर गेलेलं पोर मार्चमध्ये परत येतं, तेव्हा ते दिवाळीच्या आधीच्या पानावर असतं. त्याला पुढच्या चौकोनात न्यायचं तर त्याच्या मागे जाऊन उभं राहावं लागतं, आणि मागे उभं राहायला जागा लागते. एका वेळी एकच. वर्गात एकतीस आहेत.

साहेबांना ती काही बोलली नाही. त्या दिवशी मधल्या सुट्टीत तिनं सलग अकरा लेव्हल केल्या.

आता तांदळाचं. पोषण आहाराचा हिशेब असा की पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला शंभर ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीच्या मुलाला दीडशे. हजेरी गुणिले शंभर, तितका तांदूळ वहीतून वजा. सोपं आहे, चौथीचं गणित आहे. फक्त पोत्यावर पन्नास छापलेलं असतं आणि काट्यावर कधी एकोणपन्नास भरतं, कधी त्याहून कमी. तो किलो कुठे गेला हे वहीत लिहायला रकाना नाही. मग सही करणारीच्या पोटात एक लहान गोळा येतो. पहिल्यांदा तो आला तेव्हा तिला नवल वाटलं नव्हतं. ओळखीचा वाटला होता. घरी वडलांच्या चेहऱ्यावर तिनं तो मार्च महिन्यात पाहिलेला होता.

धान्य म्हणजे काही लोखंड नव्हे. पोतं उन्हाळ्यात सुकतं, हलकं होतं. पावसाळ्यात ओल धरतं, जड होतं. सोयाबीनच्या हमीभावाला बारा टक्क्यांच्या आत ओलावा मागतात तो याचसाठी. त्यावरचं पाणी विकत घ्यायची कोणाची तयारी नसते. ज्वारी पावसाळ्यात जमा झाली आणि मे महिन्यात उचलली गेली, तर पोती तीच, शिवण तीच, आणि वजन मात्र कमी. शिवाय उंदीर, शिवाय किडा, शिवाय सांडलवंड. याला घट म्हणतात. ठरलेल्या मापापेक्षा घट जास्त आली की तिचं नाव बदलतं, तूट होते. आणि तूट भरून घेतात ती राखणदाराकडून. एका वर्षी वडलांच्या नावावर तीन क्विंटल तूट निघाली आणि ती हप्त्याहप्त्यानं पगारातून कापली गेली. त्या वर्षी दिवाळीला भावाला कपडे झाले, तिला नाही. याचं तिला तेव्हा वाईट वाटलं होतं ते कपड्यांचं, तुटीचं नव्हे.

म्हणून त्यांचा एक कायदा होता: पोत्याला आकडा लावायचा नाही. हमालांच्या हातात लोखंडी आकडा असतोच. तो तागात रुतवला की पोतं ओढून घेता येतं, निम्मी मेहनत वाचते. पण आकड्यानं भोक पडतं, भोकातून पसाभर ज्वारी सांडते, आणि पसाभर गुणिले हजार पोती म्हणजे काय ते मार्चमध्ये कळतं. हमाल चिडत. वडील हात जोडत, चहा पाजत, पण आकडा नाही म्हणजे नाही. ढकला, रेटा, पाठीवर घ्या. ओढू नका.

हे तिला फार उशिरा जुळलं. पहिल्यांदा तो गेम हातात आला तेव्हा त्यात पेटी ओढता येत नाही याचा तिला राग आला नव्हता. बाकीच्यांना येतो. तिच्या भाच्याला आला. त्यानं दोन मिनिटांत मोबाइल परत दिला, म्हणाला, "ओढता येत नसंल तर काय मजा?" तिला मात्र तो नियम असा वाटला की असायचाच. कुठे ऐकला होता, ते आठवायला पंधरा वर्षं गेली.

क्विंटलच्या पोत्याचं वजन ज्यांनी पाठीवर घेतलं त्यांच्यासाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९६७ मध्येच शिफारस करून ठेवली होती की प्रौढ पुरुषाला पंचावन्न किलोवर ओझं देऊ नये. महाराष्ट्रात १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. वडलांच्या गोदामात १९९३ ला पोतं शंभर किलोचंच होतं. शिफारशी जिनिव्हाहून निघाल्या की रिसोडपर्यंत यायला त्यांनाही एसटीच धरावी लागते.

भावाचा विषय निघाला आहे तर तेही सांगून टाकायला हवं.

डव्ह्याला नाथनंगे महाराजांची जत्रा भरते, रथसप्तमीला. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून पुरीभाजीचा महाप्रसाद वाढतात, माणसांच्या रांगा नजर पोचत नाही तिथवर. त्या जत्रेत तिला वडलांनी एक प्लॅस्टिकचं कोडं घेऊन दिलं होतं: चौकट, तीत एक ते पंधरा आकड्यांच्या चकत्या आणि एक जागा रिकामी. सरकवत सरकवत आकडे ओळीनं लावायचे. तिला दोन दिवसांत जमलं. तिसऱ्या दिवशी बिनसलं. सगळे आकडे लागत, फक्त शेवटी चौदा-पंधराच्या जागी पंधरा-चौदा. तिनं ते पुन्हा मोडलं, पुन्हा लावलं, उन्हाळाभर. गच्चीवर, कडुनिंबाखाली, रात्री कंदिलाशी. पंधरा-चौदा. आपलं डोकं कमी आहे असं ती त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा म्हणाली, आणि नंतर पुष्कळदा.

पुढे डी.एड. करताना कुठल्याशा पुस्तकात तिला दोन पानं सापडली. पंधरा-चौदा सुटतच नाही. अमेरिकेत १८८० मध्ये या कोड्यानं लोकांना वेड लावलं होतं. सॅम लॉइड नावाच्या कोडीबहाद्दरानं ते आपलंच म्हणून पुढे मरेपर्यंत मिरवलं, खरं ते न्यूयॉर्क राज्यातल्या नॉइस चॅपमन नावाच्या एका पोस्टमास्तरचं. आणि जॉन्सन आणि स्टोरी या दोघांनी १८७९ मध्येच गणितानं दाखवून दिलं होतं की चकत्यांच्या निम्म्या मांडण्या कितीही सरकवा, जागेवर येणारच नाहीत. दोनच चकत्यांची अदलाबदल झाली की संपलं. ती अदलाबदल सरकवून होत नाही. चकती उपटावी लागते.

तिनं घरी येऊन भावाला विचारलं. त्यानं लगेच कबूल केलं. भाजीच्या सुरीच्या टोकानं उचकटल्या होत्या दोन चकत्या. गंमत म्हणून. तो विसरूनही गेला होता. तो आता पुण्याला असतो, चांगला आहे, राखीला पैसे पाठवतो. तिनं त्याला माफ केलेलं नाही. हे लिहून ठेवण्याइतकं महत्त्वाचं आहे असं तिला वाटतं.

त्या पुस्तकात शेजारच्याच पानावर देवळालीचे द. रा. कापरेकर होते. शाळामास्तर, कोणत्या विद्यापीठात प्राध्यापक नाहीत, आयुष्यभर आकड्यांशी खेळत बसलेले. त्यांचा ६१७४ हा आकडा ती दर वर्षी वर्गात घेते. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडा, मग लहानाकडून मोठ्याकडे, वजाबाकी करा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येतंच. १९८२ घ्या: ९८२१ वजा १२८९, आले ८५३२. आता ८५३२ वजा २३५८. झालं. कापरेकरांनी हे १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडलं. इथल्या मोठ्या गणित्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिलं तेव्हा जगाला देवळाली कळलं.

मुलांना ६१७४ फार आवडतं, कारण त्यात कुठूनही सुरुवात केली तरी चालते. चुकीची संख्या अशी नसतेच. वाट लांबेल, पण पोचाल. पेट्यांचा खेळ नेमका याच्या उलट्या स्वभावाचा. तिथं एक पेटी एक घर जास्त सरकली की पुढच्या दोनशे चाली वाया, आणि ते वाया आहेत हे कळायलाही दोनशे चाली लागतात. तिला दोन्ही हवे असतात. सकाळी कापरेकर, दुपारी सोकोबान.

१९९७ च्या मे महिन्यात डीप ब्लू या संगणकानं कास्पारोव्हला बुद्धिबळात हरवलं, पेपरांत पहिल्या पानावर आलं. त्याच वर्षी कॅनडात अल्बर्टा विद्यापीठातल्या जोसेफ कल्बरसन यांनी सिद्ध केलं की पेट्या ढकलण्याचा हा खेळ संगणकशास्त्रात ज्यांना महाकठीण म्हणतात त्या वर्गात मोडतो. लेव्हल मोठी करत गेलं तर उत्तर इतकं लांबू शकतं की ते लिहून ठेवायलाच कागद पुरणार नाही. हे पेपरात आलं नाही. त्याच विद्यापीठात रोलिंग स्टोन नावाचा प्रोग्रॅम या खेळाच्या नव्वद प्रसिद्ध लेव्हलींवर सोडला होता; निम्म्याहून जास्त त्यानं सोडवल्या, सगळ्या काही नाही. कास्पारोव्हला हरवणारं यंत्र झालं, राखणदाराचं काम करणारं तेव्हा झालं नाही, असं ती स्टाफरूममध्ये म्हणाली. कोणी ऐकलं नाही. वेतनश्रेणीची चर्चा चालू होती.

आत अडकण्याचं निघालं आहे तर शिरपूरचंही सांगायला हवं. ते इथून लांब नाही. तिथलं अंतरिक्ष पार्श्वनाथाचं जैन मंदिर १९८१ पासून कुलपात होतं, दोन पंथांच्या वादात. मूर्ती जमिनीला टेकत नाही अशी ख्याती. लोक झरोक्यातून दर्शन घेत. वडील तिला एकदा घेऊन गेले होते. त्यांनी झरोक्याला डोळा लावला, बराच वेळ पाहिलं आणि बाजूला होत म्हणाले, "आत जागा किती असंल?" देवाबद्दल एवढंच बोलले. कोर्टानं मार्ग काढला आणि २०२३ च्या मार्चमध्ये दार उघडलं. बेचाळीस वर्षं. तिनं वडलांना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, बिजागऱ्या गंजल्या नसतील का.

पोती आली त्या शनिवारी ती केनवडला गेली. अंगणात सोयाबीनची ताडपत्री पसरलेली, वडील खुर्चीवर, हातात काठी, कोंबड्या हाकायला. कान कमी झालेत. डोळे एका ऑपरेशननंतर चांगले आहेत. तिनं मोबाइल त्यांच्या हातात दिला आणि अर्धवट लेव्हल दाखवली. त्यांनी ती हातभर लांब धरून बघितली, मग जवळ.

"हे काय?"

"गोदाम हाय, बाबा."

ते बघत राहिले. मग बोटाच्या नखानं स्क्रीनच्या डाव्या कडेवर टकटक केलं. "थप्पी भिंतीले काऊन लावली? ओल धरते. मधात गल्ली ठेव."

तिनं चाल पाहिली. खरंच, डावीकडची पेटी भिंतीला लागून बसली होती. लेव्हल कधीच मेली होती, आणि ती आदल्या दिवसापासून तिच्यात चाली खर्च करत होती.

मग तिनं विचारलंच. पाऊस, गळता पत्रा, ज्वारीची पोती, मधे अडकलेले ते, तांब्या. इतका वेळ आत काय करत होते? मोठ्यानं विचारावं लागलं, दोनदा. शेजारच्या घरातल्या बाईनं डोकं बाहेर काढून पाहिलं.

वडलांना तो दिवस आठवेना. पत्रा तर दर वर्षी गळायचा, म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "मोजत असंन." आणखी थांबून: "बसलो असंन जरासा. बाहीर आलं का कोणी ना कोणी काही ना काही सांगेच."

कोंबडी ताडपत्रीवर चढली. त्यांनी काठी आपटली. मोबाइल अजून त्यांच्या डाव्या हातात होता, ठेंगणी बाई पेटीला टेकून उभी.

"हे पोते किती किलोचे?"

"पन्नास," ती म्हणाली, कारण काहीतरी सांगायला हवं होतं.

"मंग एकटी कायले लोटते?" ते म्हणाले आणि मोबाइल तिला परत दिला. "हमाल बोलाव ना."